संगणकीय पुरावा न्यायालयात मांडताना: तज्ज्ञ साक्षीदारासाठी मार्गदर्शन

सामान्य साक्षीदाराने स्वतः जे पाहिले किंवा ऐकले तेवढेच न्यायालयाला सांगायचे असते. त्यावरून निष्कर्ष काढणे हे त्याचे काम नसते. तज्ज्ञ साक्षीदाराला मात्र मत देण्याची मुभा असते, कारण काही प्रश्नांची उत्तरे विशेष ज्ञानाशिवाय मिळत नाहीत. संगणकीय पुराव्याच्या बाबतीत ही मुभा फार मोठी ठरते. हस्ताक्षराचे दोन नमुने शेजारी ठेवले तर न्यायाधीशांना निदान काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येतात. हार्ड डिस्कवरील बाइट, सर्व्हरच्या नोंदी किंवा हटवलेल्या फाइलचे अवशेष यांपैकी काहीही त्यांना तज्ज्ञाच्या आणि त्याच्या सॉफ्टवेअरच्या मध्यस्थीशिवाय दिसत नाही. त्यामुळे पुरावा जिथे संपतो तिथे आपले मतही थांबले पाहिजे, ही जबाबदारी सर्वप्रथम तज्ज्ञावरच येते. पुढील बहुतेक सूचना त्या जबाबदारीविषयी आहेत.

नेमणूक स्वीकारण्यापूर्वी

शुल्क कोणीही देवो, तज्ज्ञाचे पहिले कर्तव्य न्यायालयाप्रती असते. इंग्लंडमध्ये ‘इकॅरियन रीफर’ या जहाजासंबंधीच्या खटल्यात १९९३ साली न्यायमूर्ती क्रेसवेल यांनी तज्ज्ञाच्या कर्तव्यांची जी मांडणी केली, तिचा आधार आजही अनेक देशांत घेतला जातो. तज्ज्ञाचे मत दाव्याच्या गरजेनुसार वळलेले नसावे, त्याने वकिलाची भूमिका घेऊ नये, आपल्या मताला बाधा आणणारी तथ्ये वगळू नयेत, प्रश्न आपल्या क्षेत्राबाहेरचा असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि पुढे मत बदलल्यास ते विनाविलंब कळवावे, असा त्या मांडणीचा आशय आहे. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘जोन्स विरुद्ध केनी’ या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले. तज्ज्ञाच्या निष्काळजीपणाबद्दल त्याला नेमणाऱ्या पक्षाला त्याच्यावर दावा करता येत नसे. ते जुने संरक्षण या निकालाने काढून घेतले.

हे कर्तव्य विसरले गेले तर काय होते, ते ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या ‘होरायझन’ या लेखा प्रणालीच्या प्रकरणात जगाने पाहिले. प्रणालीच्या नोंदींत तूट दिसते म्हणून शेकडो उप-टपालप्रमुखांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबांचे आरोप सिद्ध झाले. प्रणालीतील ज्ञात दोषांची माहिती मात्र बचाव पक्षापर्यंत पोहोचलीच नाही, आणि तज्ज्ञ म्हणून पुढे आलेला अभियंता ती प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीतलाच होता. २०१९ च्या दिवाणी निकालात प्रणालीतील दोष मान्य झाले, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा एकाच निकालाने रद्द केल्या आणि २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या प्रणालीच्या विश्वासार्हतेवरच वाद आहे, ती बनवणाऱ्या किंवा चालवणाऱ्या संस्थेतील व्यक्तीने तथ्यांचा साक्षीदार म्हणून अवश्य यावे. स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून येऊ नये, असे माझे ठाम मत आहे. निदान आपला संबंध आणि आपल्याला ठाऊक असलेला प्रत्येक दोष तिने अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिला पाहिजे.

नेमणूक लेखी घ्यावी आणि विचारलेले प्रश्न नेमके कोणते आहेत ते त्या पत्रात यावेत. “हा संदेश आरोपीनेच पाठवला का?” हा संगणकाला विचारता येणारा प्रश्न नाही. “हा संदेश या उपकरणावरून, या खात्यातून आणि या सुमारास पाठवला गेल्याच्या खुणा आहेत का, आणि त्या खुणांचे दुसरे कोणते स्पष्टीकरण संभवते?” हा आहे. वकिलाने पहिला प्रश्न विचारला असेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच तो बदलून घ्यावा.

याच टप्प्यावर प्रकरणाची हकिगत किती ऐकायची, याचाही विचार करावा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५३ डिजिटल फॉरेन्सिक परीक्षकांना एकाच पुराव्याची प्रत देण्यात आली, पण सोबतची पार्श्वभूमी वेगवेगळी सांगण्यात आली. त्या पार्श्वभूमीचा परिणाम कोणाला किती खुणा सापडल्या यावर झाला; इतकेच नव्हे, तर सारखीच माहिती मिळालेल्या परीक्षकांतही निष्कर्षांबाबत पुरेसे एकमत दिसले नाही. आरोपीने कबुली दिली आहे किंवा त्याच्यावर आधीचे गुन्हे आहेत, ही माहिती तपासणीसाठी बहुधा लागत नाही. जी लागत नाही ती मागू नये, आणि कानावर आलीच तर केव्हा आणि कोणाकडून आली याची नोंद ठेवावी.

मूळ वस्तू, प्रत आणि हॅश मूल्य

पुरावा गोळा करण्याची शिस्त बहुतेक वाचकांना परिचित असेल. ब्रिटनमधील पोलीस प्रमुखांच्या संघटनेची चार तत्त्वे आणि २०१२ चे आयएसओ/आयईसी २७०३७ हे मानक यांचा गाभा एकच आहे: मूळ माहितीत बदल होऊ देऊ नये, बदल अटळ असेल तर तो करणाऱ्याला त्याचे परिणाम समजावून सांगता यावेत, आणि प्रत्येक कृतीची अशी नोंद असावी की त्रयस्थ व्यक्तीने तीच पावले टाकल्यास तिला तेच निष्पन्न मिळावे. राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काहीही लिहिले जाऊ न देणारे साधन) लावून डिस्कची बिट-बरहुकूम प्रत घ्यावी, तिचे हॅश मूल्य (संपूर्ण माहितीवरून गणिताने काढलेली ठशासारखी छोटी ओळख; माहितीत जराही बदल झाला की ती वेगळी येते) काढावे आणि तपासणी प्रतीवरच करावी. मुद्देमाल कोणाकडून कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या मोहरबंद अवस्थेत गेला, याची साखळी कुठेही तुटलेली नसावी.

हॅश मूल्याविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण उलटतपासणीत तज्ज्ञाची सर्वाधिक तारांबळ इथेच उडते. हॅश जुळतो याचा अर्थ एवढाच की प्रत घेतल्याच्या क्षणापासून आजपर्यंत ती बदललेली नाही. प्रत घेण्यापूर्वी त्या डिस्कशी कोणी काय केले, किंवा फाइलमधील मजकूर खरा आहे की खोटा, याविषयी हॅश काहीही सांगत नाही. त्यामुळे “हॅश जुळला, म्हणजे पुरावा अस्सल आहे” हे वाक्य अहवालात कधीही लिहू नये. दुसरा हमखास प्रश्न एमडी५ या हॅश काढण्याच्या जुन्या पद्धतीविषयी येतो. या पद्धतीत समान हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइल बनवता येतात हे २००४ मध्ये दाखवले गेले, आणि एसएचए-१ या दुसऱ्या पद्धतीबाबत तेच २०१७ मध्ये घडले. वकील विचारतील, “मग तुमचा हॅश निरुपयोगी नाही का?” प्रामाणिक उत्तर असे आहे: एकाच व्यक्तीने दोन्ही फाइल मुद्दाम घडवल्या तर अशी जोडी तयार होते, आधीच अस्तित्वात असलेल्या डिस्कच्या हॅशशी जुळणारी दुसरी डिस्क बनवण्याचा व्यवहार्य मार्ग आजवर कोणी दाखवलेला नाही. हे उत्तर पाठ करण्याऐवजी समजून घ्यावे, आणि शक्य तिथे सुरुवातीलाच एसएचए-२५६ ही नवी पद्धत वापरून हा वाद टाळावा.

सॉलिड स्टेट डिस्कच्या बाबतीत हटवलेल्या जागा डिस्क स्वतःच आतल्या आत मोकळ्या करत असते. त्यामुळे त्याच डिस्कची दुसरी प्रत घेतली असता हॅश वेगळा येऊ शकतो. मोबाइल फोनमधून तर अनेकदा फोन चालू ठेवल्याशिवाय माहिती काढताच येत नाही. अशा वेळी काय बदलले, का बदलले आणि मुद्द्याच्या माहितीवर त्याचा परिणाम का झाला नाही, किंवा किती झाला, हे विचारले जाण्यापूर्वीच अहवालात लिहावे.

सॉफ्टवेअरने सांगितले म्हणून

फ्लोरिडातील २०११ च्या एका गाजलेल्या खून खटल्यात, आरोपीच्या घरच्या संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीच्या एका पानाला ८४ वेळा भेट दिल्याचे ज्यूरीला सांगण्यात आले. ब्राउझरचा इतिहास ज्या जुन्या स्वरूपात साठवला होता, तो वाचताना सॉफ्टवेअरची चूक झाली होती. ८४ हा आकडा वेगळ्याच संकेतस्थळाचा होता आणि क्लोरोफॉर्मच्या पानाची भेट एकच होती. ही चूक त्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यानेच साक्ष दिल्यानंतर पुन्हा तपासणी करून उघड केली. डेन्मार्कमध्ये २०१९ साली दूरध्वनी कंपन्यांकडील कच्च्या माहितीचे रूपांतर करणाऱ्या प्रणालीत दोष आढळले. तेव्हा फोनच्या ठिकाणाविषयीचा पुरावा न्यायालयात वापरणे दोन महिने थांबवण्यात आले आणि दहा हजारांहून अधिक प्रकरणांचा फेरआढावा घ्यावा लागला.

या दोन्ही प्रकरणांत आकडे पडद्यावर नीटनेटकेच दिसत होते. म्हणून निकालावर ज्याचा परिणाम होणार आहे, अशी प्रत्येक बाब तज्ज्ञाने सॉफ्टवेअरच्या अहवालापलीकडे जाऊन तपासावी. दुसऱ्या साधनाने पडताळणी करणे चांगले, पण ते पुरेसे नाही. दोन साधने आतून एकच तयार सॉफ्टवेअर-संच (लायब्ररी) वापरत असतील तर दोन्ही एकच चूक करतील. खरी पडताळणी म्हणजे मूळ नोंद बाइटच्या पातळीवर उघडणे आणि तिचा अर्थ स्वतः लावून पाहणे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे त्याच आवृत्तीच्या प्रणालीवर ती कृती प्रत्यक्ष करून कोणती खूण उमटते ते तपासणे. “मी हे स्वतः करून पाहिले आणि अशीच नोंद तयार झाली” या वाक्याचे वजन न्यायालयात कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक असते. वापरलेल्या प्रत्येक साधनाचे नाव आणि आवृत्ती अहवालात द्यावी.

वेळेच्या नोंदी

संगणकीय पुराव्यातील बहुतेक वाद अखेरीस वेळेवर येऊन ठेपतात. विंडोजची एनटीएफएस ही फाइल साठवण्याची प्रणाली १ जानेवारी १६०१ पासूनचा काळ जागतिक प्रमाणवेळेत मोजते, युनिक्सची गणना १ जानेवारी १९७० पासून सुरू होते, आणि पेन ड्राइव्हवर अजूनही आढळणारी जुनी एफएटी प्रणाली स्थानिक वेळ नोंदवते, तीही बदलाच्या वेळेसाठी दोन सेकंदांच्या टप्प्याने. एकाच घटनाक्रमात या तिन्हींच्या नोंदी मिसळल्या असतील आणि तज्ज्ञाने त्या एका कालक्षेत्रात आणल्या नसतील, तर निर्दोष माणसाची अनुपस्थिती उपस्थितीत बदलू शकते. अहवालातील प्रत्येक वेळेपुढे कालक्षेत्र लिहावे. जप्तीच्या वेळी यंत्राचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे होते, हेही नोंदवावे. तपासणी अधिकाऱ्याने ते नोंदवले नसेल तर ती उणीव झाकू नये.

अर्थ लावताना विशेष जपावे. विंडोजमध्ये फाइलची नक्कल केली की नव्या प्रतीवर ‘निर्मिती’ची वेळ नक्कल केल्याची येते, पण ‘बदल’ केल्याची वेळ जुनीच राहते. त्यामुळे फाइल तयार होण्याआधीच बदलली गेली असे विचित्र चित्र दिसते आणि विरुद्ध पक्ष छेडछाडीचा आरोप करतो. प्रत्यक्षात ती नक्कल केल्याची साधी खूण असते. उलट ‘शेवटची हाताळणी’ ही वेळ म्हणजे कोणीतरी फाइल उघडून वाचली असे समजणे धोक्याचे आहे. अँटिव्हायरसच्या तपासणीनेही ती बदलू शकते, आणि विंडोज व्हिस्टापासून पुढे अनेक वर्षे तिची अद्ययावत नोंद मूळ मांडणीतच बंद ठेवलेली होती.

यंत्रापासून माणसापर्यंत

तज्ज्ञाचा पाय सर्वाधिक घसरतो तो इथे. आयपी पत्ता (इंटरनेटच्या जोडणीला मिळणारा क्रमांक) जोडणीपर्यंत नेतो, आणि एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जात असेल तर पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरील नेमका संपर्क ओळखणारा क्रमांक) व अचूक वेळ यांशिवाय तिथपर्यंतही नेत नाही. खात्याचे नाव एवढेच सांगते की कोणाला तरी परवलीचा शब्द ठाऊक होता किंवा यंत्र आधीच उघडे होते. कळफलकावर कोणाची बोटे होती, हे डिस्कवर लिहिलेले नसते.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात २००४ साली वर्गातील संगणकावर अश्लील चित्रे उघडल्याबद्दल एका बदली शिक्षिकेवर खटला भरण्यात आला आणि जानेवारी २००७ मध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरवले. ती पाने तिने मुद्दाम उघडली, असे अभियोग पक्षाच्या साक्षीतून सूचित झाले. पण यंत्रात घातक सॉफ्टवेअर आहे का, याची पद्धतशीर तपासणीच झाली नव्हती. स्वतंत्र तज्ज्ञांनी आपोआप खिडक्या उघडणारे सॉफ्टवेअर दाखवून दिल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये तो निकाल रद्द करून नव्या सुनावणीचा आदेश देण्यात आला. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. “हे मी नाही, व्हायरसने केले” असा बचाव पुढे आला तर तज्ज्ञाने तो नुसता हसण्यावारी नेऊ नये. असे सॉफ्टवेअर आढळले का, आढळले तर त्याच्यात ही कृती करण्याची क्षमता होती का, आणि त्या क्षणी ते चालू असल्याच्या खुणा आहेत का, हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे तपासून लिहावेत. ही तपासणी कोणी मागितली नसली तरी करावी.

माणसाशी सांधा जोडणारे धागे अनेकदा असतात: त्याच सत्रात उघडलेली वैयक्तिक बँकखाती, त्याच मिनिटांत पाठवलेले खासगी ईमेल, फोनचे बोटाच्या ठशाने उघडणे. ते जरूर मांडावेत. पण त्यांवरून व्यक्ती ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. “या खुणा अमुक व्यक्ती यंत्र वापरत असल्याशी सुसंगत आहेत, आणि इतर कोणी वापरत असल्याची खूण मला आढळली नाही” येथे तज्ज्ञाने थांबावे. ‘सुसंगत’ हा शब्दही जपून वापरावा, कारण एखादी खूण एकाच वेळी दोन विरुद्ध स्पष्टीकरणांशी सुसंगत असू शकते. तसे असेल तर दोन्ही स्पष्टीकरणे लिहावीत.

अहवाल

अहवालाची बाह्य रचना सर्वत्र साधारण सारखीच असते: पात्रता, मिळालेल्या सूचना, तपासलेल्या वस्तू, पद्धत, निरीक्षणे, मत, मर्यादा आणि सत्यतेचे निवेदन. त्यात एकच गोष्ट जिवापाड जपावी, ती म्हणजे निरीक्षण आणि मत यांच्यातील सीमारेषा. “फाइल रीसायकल बिनमध्ये होती” हे निरीक्षण आहे. “पुरावा नष्ट करण्यासाठी ती हटवली” हे मत आहे, आणि बहुधा तज्ज्ञाच्या अधिकाराबाहेरचे मत आहे. हेतू हा शब्द अहवालात आलाच तर तो पुन्हा वाचून पाहावा. मर्यादांचा भाग शेवटी दोन ओळींत उरकू नये. कोणती उपकरणे मिळाली नाहीत, कोणता भाग सांकेतिक कुलपामुळे उघडता आला नाही आणि त्यामुळे कोणते मत तात्पुरते आहे, हे संबंधित निष्कर्षाच्या शेजारीच असावे.

ग्राह्यतेचे नियम देशागणिक बदलतात आणि ते वकिलाकडून लेखी समजून घ्यावेत. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९९३ च्या ‘डॉबर्ट’ निकालानुसार पद्धत तपासून पाहता येते का, तिचे समकक्ष परीक्षण (त्याच क्षेत्रातील इतर तज्ज्ञांकडून तपासणी) झाले आहे का, तिच्या चुकांचे प्रमाण माहीत आहे का आणि ती क्षेत्रात सर्वमान्य आहे का, हे न्यायाधीश पाहतात. १९९९ च्या ‘कुम्हो टायर’ निकालाने हा दंडक तांत्रिक तज्ज्ञांनाही लागू केला. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, त्यांतला दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात हॅश मूल्य व ते काढण्याची पद्धत नमूद करावी लागते. प्रमाणपत्र देणे आणि मताची साक्ष देणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिल्या कृतीने अभिलेख न्यायालयाच्या दारातून आत येतो, पण त्याचा अर्थ काय, हे सिद्ध व्हायचे बाकीच असते.

साक्षीच्या दिवशी

सरतपासणीपूर्वी (आपल्याला बोलावणाऱ्या पक्षाचा वकील आधी घेतो ती साक्ष) वकिलाशी प्रश्नांच्या क्रमावर चर्चा करण्यास हरकत नाही. उत्तरांचे शब्द ठरवू देऊ नयेत. पारिभाषिक शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा एका वाक्यात समजवावा आणि पुढे तोच शब्द कायम वापरावा, कारण ‘प्रत’, ‘इमेज’ आणि ‘बॅकअप’ आलटून पालटून म्हटल्यास ऐकणाऱ्याला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. उपमा उपयोगी पडते, पण तिची मर्यादाही त्याच दमात सांगावी. हटवलेली फाइल म्हणजे अनुक्रमणिकेतून काढलेले पण पुस्तकात शिल्लक असलेले प्रकरण, असे म्हणत असाल तर त्या पानांवर पुढे दुसरेच काही छापले जाऊ शकते, हेही सांगावे. नाही तर विरुद्ध वकील तीच उपमा तुमच्यावर उलटवतील. आलेख किंवा कालरेषा दाखवायची असेल, तर तिच्यातील प्रत्येक बिंदू अहवालातील कोणत्या नोंदीवर उभा आहे हे तिच्यावरच लिहिलेले असावे.

उत्तरे न्यायाधीशांकडे पाहून द्यावीत. उलटतपासणीत प्रश्न पूर्ण ऐकावा, त्यात गृहीत धरलेली गोष्ट चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करावी, आणि मगच उत्तर द्यावे. “शक्य आहे का?” या प्रश्नाला बहुतेक वेळा “शक्य आहे” हेच खरे उत्तर असते, ते टाळू नये, पण त्या शक्यतेच्या खुणा शोधल्या होत्या का आणि काय आढळले, हे जोडावे. जे तपासले नाही ते तपासले नाही असे म्हणावे. आपल्या बाजूला न सोयीचे उत्तर जो तज्ज्ञ सहज आणि पूर्ण देतो, त्याच्या उरलेल्या उत्तरांवर न्यायालय विश्वास ठेवते, आणि ठेवावाही. दोन्ही पक्षांच्या तज्ज्ञांनी साक्षीपूर्वी भेटून सहमती आणि मतभेद यांचे संयुक्त निवेदन द्यावे, अशी तरतूद काही न्यायव्यवस्थांत आहे. जिथे ती आहे तिथे ती मनापासून वापरावी, कारण बऱ्याच मतभेदांचे मूळ दोघांनी वेगवेगळी आवृत्ती किंवा वेगळे कालक्षेत्र वापरल्यात निघते.

साक्ष संपली म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. टिपणे, प्रती, साधनांच्या आवृत्त्या आणि पडताळणीचे प्रयोग अपिलाची मुदत आणि अपील दोन्ही संपेपर्यंत जपून ठेवावेत. नंतर एखाद्या साधनात दोष असल्याचे कळले, किंवा स्वतःचीच चूक लक्षात आली, तर ती ज्या पक्षाने नेमले त्याच्या वकिलाला त्याच दिवशी लेखी कळवावी, ती विरुद्ध पक्षापर्यंत आणि न्यायालयापर्यंत पोहोचली याची खात्री करून घ्यावी, आणि निकाल आधीच लागला असला तरी हे पत्र पाठवावे.